संगणकावरील एक खेळ : आरंभ आणि प्रगती

(संस्थेच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या संस्थेच्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयापासून गृहउद्योगापर्यंत अनेक विषयांवर व्याख्याने झाली. माझी सारी हयात हिशेबतपासणीत गेली असल्यामुळे मी जमाखर्चावर बोलेन, अशी चिटणीसांची अपेक्षा होती. "संगणकावरील खेळ" हा विषय मी सांगितला तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे क्षणभर पाहिले. परंतु मी आज जे सांगणार आहे ते शेवटी जमाखर्चच आहे, असे आपल्याला दिसून येईल.

या विषयाकडे मी कसा वळलो ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात माझी एक चूक आहे. माझा नातू त्या वेळी नववीत होता. एकदा दोन दिवस तो जेवावयास बसे आणि भात चिवडून उठे. घरच्यांना वाटले, परीक्षेत कमी गुण पडले असतील. तिसऱ्या दिवशी मी त्याला जवळ घेऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, माझे चिलखत गेले." खेळात कोणा अनोळखी गड्याने त्याला सांगितले होते की, तुझे चिलखत माझ्या हाती दे, मी त्याला फुकट सोनेरी काठ लावून देतो. याने ते दिले आणि तो गडी पसार झाला. हे ऐकून मी मोठ्याने हसलो. पोराच्या चेहऱ्यात जो फरक पडला तो मी अजून विसरलेलो नाही. चार महिन्यांच्या कमाईवर कोणी डल्ला मारला आणि घरातील वडील माणूस हसला, असा तो प्रसंग होता. नंतर महिनाभर त्याने खेळाविषयी माझ्याजवळ चकार शब्द काढला नाही. तेव्हा, जे आपल्याला कळत नाही त्यावर हसावयाचे नाही, एवढे तरी करावे म्हणून मी त्याला म्हटले, "अरे, मला शिकव." असा मी या खेळात शिरलो.

खेळाचे नाव ओल्ड स्कूल रूनस्केप. त्याची थोडी वंशावळ सांगतो. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन कल्पित राज्यात वीराची भूमिका करावयाचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. लहानशा वीराने अनुभवाने पातळ्या चढत जावयाचे, ही कल्पना त्याने रूढ केली. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी, अनेकांना एकाच वेळी एकाच राज्यात वावरता येईल असा खेळ संगणकावर रचला. त्यात चित्र नव्हते, सारे अक्षरांतच. पुढे केंब्रिजला शिकणाऱ्या अँड्र्यू गावर याने आपला भाऊ पॉल याच्या साहाय्याने जानेवारी २००१ मध्ये रूनस्केप सुरू केला. मधल्या काळात त्यात इतके बदल झाले की जुन्या खेळाडूंना तो परका वाटू लागला. तेव्हा कंपनीने मत घेतले, चार लाखांहून अधिक मते पडली, आणि २००७ सालचा जुना खेळ फेब्रुवारी २०१३ मध्ये स्वतंत्रपणे पुन्हा उघडण्यात आला. नवी भर घालावयाची झाल्यास तेथे खेळाडूंचे मत घेण्याची प्रथा आहे. आपल्या वार्षिक सभेची आठवण करून देणारी ही गोष्ट मला मोठी आवडली. २०१८ सालापासून हा खेळ मोबाइलवरही आला आणि मुलांच्या खिशात जाऊन बसला.

आता आरंभ कसा करावयाचा ते पाहू. प्रथम आपले पात्र तयार करावयाचे. त्याला नाव द्यावयाचे, केस आणि कपडे निवडावयाचे. मग हे पात्र एका लहान बेटावर उतरते. हे बेट म्हणजे बालवर्ग. तेथील गुरू एकेक काम शिकवतात : झाड तोडणे, विस्तव पेटवणे, कोळंबी पकडणे, ती भाजणे, पिठाची भाकर करणे, खाणीतून तांबे आणि कथील काढून भट्टीत कांसे करणे, ऐरणीवर त्याची कट्यार घडवणे आणि शेवटी उंदीर मारणे. ज्या हाताने आयुष्यात मासळी शिवली नाही त्या हाताने मी कोळंबी भाजली, आणि पहिलीच करपवली. नातू म्हणाला, "आजोबा, सगळ्यांचीच करपते." त्या घटनेनंतर आमच्यातला अबोला संपला, असे म्हणावयास हरकत नाही.

बालवर्ग संपला की पात्र लंब्रिज नावाच्या गावी येऊन पोचते. मागे त्या बेटावर परतता येत नाही. येथे नवखा माणूस गोंधळतो, कारण आता कोणी काही सांगत नाही. तो तलवार घेऊन भलत्या दिशेला धावतो आणि मरतो. माझा अनुभव असा की, पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी कराव्यात.

पहिली, गावातील लहानसहान मोहिमा हाती घ्याव्यात. लंब्रिजच्या किल्ल्यातील आचारी मोठ्या पेचात असतो. त्याला सरदाराच्या वाढदिवसासाठी केक करावयाचा आहे आणि घरात सामान नाही. त्याला एक अंडे, बादलीभर दूध आणि भांडेभर पीठ आणून द्यावे लागते. दूध गाईचे स्वतः काढावयाचे. पिठासाठी शेतातून गहू आणून पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर ओतावयाचे, दांडा ओढावयाचा, आणि खाली येऊन दळण भांड्यात भरावयाचे. एवढे केले की स्वयंपाकाचे ३०० अनुभवगुण आणि मोहिमेचा एक गुण पदरात पडतो. त्याहून मोठा लाभ असा की गाव, शेत, गिरणी आणि गोठा पायाखालून जातो.

दुसरी, एका उद्योगाची सांगड दुसऱ्याशी घालावी. कोंबडी मारली की पिसे मिळतात. मासेमारीत विसावी पातळी गाठली की त्याच पिसांचे आमिष लावून ट्राउट मासा धरता येतो. तो मासा भाजून जवळ ठेवला की लढाईत जखम भरून काढावयास उपयोगी पडतो. म्हणजे एकाच कोंबडीपासून तीन कामे. ज्याला ही साखळी कळली त्याला बाजारातून फारसे काही विकत आणावे लागत नाही. वॉरॉक शहरात ग्रँड एक्स्चेंज नावाची मोठी बाजारपेठ आहे. तेथे भाव मागणी-पुरवठ्यावर ठरतो. तेथे घाईने घेणारा जादा मोजतो आणि घाईने विकणारा कमी पावतो, हे मला शिकवावे लागले नाही.

तिसरी, लढाईचे त्रिकूट समजून घ्यावे. तलवारीचा माणूस धनुर्धाऱ्याला भारी, धनुर्धारी मांत्रिकाला भारी आणि मांत्रिक तलवारीच्या माणसाला भारी. शत्रू पाहून शस्त्र उचलावे. शस्त्रेही पायरीपायरीने मिळतात : आधी कांसे आणि लोखंड, पाचव्या पातळीला पोलाद, विसाव्या पातळीला मिथ्रिल, तिसाव्या पातळीला अ‍ॅडमंट आणि चाळिसाव्या पातळीला रून. मुलांचे डोळे रूनवर लागलेले असतात. परंतु रूनचे सर्वांत भारी चिलखत नुसती पातळी गाठून अंगावर चढत नाही. त्यासाठी 'ड्रॅगन स्लेयर' ही मोहीम पार पाडावी लागते, आणि ती मिळण्याआधी लहान मोहिमांचे ३२ गुण जमलेले असावे लागतात. मग नकाशाचे तीन तुकडे शोधावयाचे, फुटके गलबत विकत घेऊन फळ्या आणि खिळे ठोकून दुरुस्त करावयाचे, आगीपासून वाचवणारी ढाल मिळवावयाची, आणि त्यानंतर बेटावर जाऊन ड्रॅगनशी गाठ घ्यावयाची. आचाऱ्याला अंडे आणून देणे ज्यांनी कमीपणाचे मानले ते येथवर पोचत नाहीत.

खेळात २३ कौशल्ये होती. २०२५ साली नौकानयन आल्याने ती २४ झाली. त्यांपैकी १५ विनामूल्य शिकता येतात, बाकीच्यांसाठी वर्गणीदार व्हावे लागते. माझा सल्ला असा की, विनामूल्य भागातच काही महिने काढावेत. तेथेच इतके काम आहे की वर्गणी भरण्याची घाई करण्याचे कारण नाही.

आता मी माझ्या खऱ्या विषयाकडे वळतो. खेळातील प्रत्येक कौशल्याला ९९ पातळ्या आहेत आणि प्रत्येक पातळीला ठरावीक अनुभवगुण लागतात. दुसऱ्या पातळीला केवळ ८३ गुण पुरतात. दहावीला १,१५४. तिसावीला १३,३६३. पन्नासावीला १,०१,३३३. सत्तरावीला ७,३७,६२७. आणि नव्याण्णवावीला १,३०,३४,४३१. हे आकडे मी वहीत उतरवून घेतले आणि तपासले, तेव्हा एक सूत्र सापडले. साधारणपणे दर सात पातळ्यांना लागणारे एकूण गुण दुप्पट होतात. म्हणून ९२ व्या पातळीला जेव्हा ६५,१७,२५३ गुण होतात तेव्हा माणसाला वाटते, आता सातच पायऱ्या राहिल्या. वास्तविक तो तेव्हा कुठे निम्म्या वाटेवर आलेला असतो.

बंधुभगिनींनो, या एका आकड्यात सारा खेळ आहे. आरंभी पाच-पाच मिनिटांत पातळी वाढते, घंटा वाजते, आतषबाजी होते, मूल आनंदून जाते. तो आनंद खोटा नाही. पण त्याच गतीने पुढेही जाता येईल असा समज होतो, तो मात्र खोटा आहे. मी नातवाजवळ बसून एक त्रैराशिक मांडले. मासेमारीत चाळिसाव्या पातळीला शेवंड धरता येते. एका शेवंडीचे ९० गुण. तेथून नव्याण्णवपर्यंत केवळ शेवंडीवर जावयाचे तर सुमारे १ लाख ४४ हजार शेवंडी धराव्या लागतील. तासाला २०० धरल्या असे मानले तर ७२२ तास होतात. रोज दोन तास दिले तर जवळजवळ एक वर्ष. आणि हे चोविसांपैकी एक कौशल्य! पुढे याहून वेगवान वाटा मिळतात हे खरे, तरी हिशेबाचा आकार तोच राहतो.

हा हिशेब मांडल्यावर मी त्याला "सोडून दे" असे म्हटले नाही. मी फक्त वही त्याच्यापुढे सरकवली. तो बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "आजोबा, मग मी नव्याण्णवच्या मागे लागत नाही. मला मोहिमा आवडतात, त्या करीन." हा निर्णय त्याचा होता. तो दहावीच्या वर्षात आठवड्यातून दोन संध्याकाळी खेळला आणि उरलेला वेळ त्याने अभ्यासाला दिला. मी नुसती मनाई केली असती तर तो चोरून खेळला असता, आणि आम्हाला ते कळलेही नसते.

येथे एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. मघाशी ज्यांचा उल्लेख केला त्या रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली अशा खेळांतील माणसांचे चार प्रकार सांगितले. कोणी पातळ्या आणि धन मिळवण्यासाठी खेळतो, कोणी नवा मुलूख आणि त्यातील खुब्या शोधण्यासाठी, कोणी गप्पागोष्टींसाठी आणि कोणी दुसऱ्यावर कुरघोडी करण्यासाठी. आपले मूल यांपैकी कोणते, हे दहा मिनिटे शेजारी बसले तर कळते. गप्पांसाठी खेळणाऱ्या मुलाला कदाचित शेजारी मित्रच नसेल. त्याचा संगणक काढून घेतल्याने मित्र मिळणार नाही.

आता धोक्यांविषयी. राज्याच्या उत्तरेस वाइल्डरनेस नावाचे ओसाड रान आहे. तेथे एक खेळाडू दुसऱ्यावर हल्ला करू शकतो. सामान्यतः मरण आले तर सर्वांत मौल्यवान तीन वस्तू आपल्याजवळ राहतात. इतर ठिकाणी बाकीचे सामान वेळेत जाऊन परत मिळवता येते, परंतु रानात दुसऱ्या खेळाडूच्या हातून मेल्यास ते मारणाऱ्याचे होते. तेव्हा जी वस्तू गेली असता रडू येईल ती घेऊन रानात जाऊ नये. बाकी माल बँकेत ठेवावा. त्या बँकेला चार आकडी गुप्त क्रमांक लावता येतो, तो अवश्य लावावा, आणि खात्याचा परवलीचा शब्द मित्रालाही सांगू नये.

रानाहून मोठा धोका भर बाजारात असतो. कोणी म्हणतो, "तुझे पैसे दे, दुप्पट करून देतो." कोणी म्हणतो, "चिलखताला काठ लावून देतो." सोनेरी काठाचे चिलखत खेळात आहे, पण ते कोणा कारागिराला करता येत नाही. कोडी सोडवीत ठेव्याचा माग काढला तर ते कधीकाळी बक्षीस म्हणून मिळते. ज्याला हे ठाऊक आहे तो फसत नाही. देवघेवीच्या वेळी पडद्यावर दोनदा संमती विचारली जाते. दुसऱ्या वेळी समोरच्या बाजूला काय ठेवले आहे ते पुन्हा वाचावे. तेथे रिकामी जागा दिसली तर सौदा मोडावा. हा नियम आमच्या नातवाला चार महिन्यांच्या कमाईत पडला. आपल्या मुलांना तो आज फुकट मिळतो आहे.

पैशाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. संसदेने २०२५ साली पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. तेव्हापासून आपल्या मंडळींत संगणकावरचा प्रत्येक खेळ जुगार मानण्याकडे कल दिसतो. ज्या खेळाविषयी मी बोलत आहे त्यात पैसे लावून पैसे जिंकावयाचे नाहीत. उलट, खेळातील सोने बाहेर खऱ्या पैशाला विकणे त्याच्या नियमांविरुद्ध आहे, आणि तसे करणाराचे खाते बंद होऊ शकते. तरीही जगाच्या काही भागांत पोटासाठी हा उद्योग करणारी माणसे आहेत. व्हेनेझुएलात चलन कोसळले तेव्हा तेथील अनेकांनी याच खेळात दिवसभर ड्रॅगन मारून सोने जमवले आणि ते विकून घर चालवले, असे वृत्तांत जगभर छापून आले. आपण ज्याला पोरखेळ म्हणतो तो कोणाच्या तरी घरची चूल असतो, हे वाचून मी त्या दिवशीच्या माझ्या हसण्याचा पुन्हा विचार केला.

मी स्वतः कोठवर पोचलो, असे आपण विचाराल. माझी मासेमारी सेहेचाळीसवर आहे, स्वयंपाक त्याहून थोडा पुढे. ३२ गुण जमवावयास मला पाच महिने लागले. ड्रॅगनने मला तीन वेळा मारले. चौथ्या वेळी नातू शेजारी बसून "आजोबा, आता खा, आता मारा" असे सांगत होता, आणि तो प्राणी पडला. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांना वाटले कोणी पडले. रूनचे चिलखत मी चढवले. सोनेरी काठ अर्थातच नाही.

आपल्या संस्थेचा जमाखर्च मी अनेक वर्षे पाहिला. लहान लहान वर्गण्या गोळा करून पहिल्या पिढीने शिष्यवृत्ती निधी उभा केला. आरंभीची वर्षे उत्साहाची होती. मधली वर्षे, जेव्हा रक्कम वाढते पण दिसत नाही, ती कसोटीची होती. त्या वेळी ज्यांनी वही नीट ठेवली त्यांच्यामुळे आज हा दिवस आला. खेळ असो की संस्था, आरंभाला उमेद पुरते. पुढच्या वाटेला हिशेब लागतो. तरुणांना माझे एवढेच सांगणे आहे की, खेळण्यास बसण्यापूर्वी आज किती वेळ आणि कशासाठी, हे एका ओळीत लिहा, आणि उठताना प्रत्यक्ष किती वेळ गेला ते त्याखाली लिहा. महिनाअखेर दोन्हींची बेरीज करा. कोणी रागावण्याची गरज राहणार नाही. आणि वडील मंडळींना विनंती की, घरातील मुलाचे काही हरवले, आणि ते तुम्हाला दिसत नसले, तरी हसण्यापूर्वी एकदा त्याच्या शेजारी बसा.

माझा नातू आज या सभागृहात मागील रांगेत बसला आहे. त्या दिवशी मी हसलो याबद्दल त्याला मी अजून काही बोललो नव्हतो. ते आज सर्वांदेखत बोलतो. बाळा, चूक माझी होती.